गवत एकच, दावेदार दोन: अमेरिकेतले जंगली घोडे आणि गुरांचे परवाने

1974 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात 19 गाढवांचा लिलाव झाला. गाढवं कुणाच्याच मालकीची नव्हती, अंगावर कुणाचा डाग नव्हता. टेलर वेल नावाच्या पाणवठ्यावर ती यायची. पाणवठा सरकारी जमिनीवर, पण तिथे गुरांना पाणी पाजायचा आणि आसपासच्या सुमारे 8,000 एकरांत ती चारायचा परवाना एका पशुपालकाकडे होता. गाढवं माझ्या गुरांना त्रास देतात, त्यांचा चारा खातात, असं त्याचं म्हणणं. केंद्राच्या खात्यानं गाढवं हलवायला नकार दिला, तेव्हा तो राज्याच्या पशुधन मंडळाकडे गेला. मंडळानं गाढवं पकडली आणि रॉसवेलला नेऊन विकून टाकली.

केंद्र म्हणालं, ती आमची, परत आणा. राज्य म्हणालं, आमच्या हद्दीतल्या बेवारस जनावरांचं काय करायचं ते आम्ही बघू. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1976 मध्ये 'क्लेपी विरुद्ध न्यू मेक्सिको' या खटल्यात न्यायालयानं एकमतानं निकाल दिला: जमीन केंद्राची आहे, म्हणून तिच्यावर राहणाऱ्या रानटी जनावरांबद्दल कायदा करण्याचा अधिकारही केंद्राचाच.

19 गाढवांसाठी एवढा खटाटोप! पण घोड्यांचं जे भांडण तिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ धुमसतंय, त्यातलं जवळजवळ सगळं या एका प्रकरणात आहे. दुष्काळी मुलूख, मोजकं पाणी, परवानेधारक माणूस, मालक नसलेली जनावरं आणि एकमेकांकडे बोट दाखवणारी दोन सरकारं.

जमीन सरकारची, पण हात कुणाचा?

अमेरिकेच्या पश्चिम भागातून मूळ रहिवाशांना हुसकावल्यावर सरकारनं तिथली जमीन वाटायला काढली. पाण्याकाठची, पिकणारी जमीन वसाहत करणाऱ्यांनी उचलली. कोरडी, खडकाळ, झुडपांची जमीन कुणालाच नको होती, ती सरकारकडे पडून राहिली. आज अशी सुमारे 24.5 कोटी एकर जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे केंद्रीय खातं सांभाळतं. अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहून ती जास्त भरते. नेवाडा राज्याचा तर सुमारे 80 टक्के भूभाग केंद्राकडेच आहे.

आपल्या गावच्या गायरानासारखीच पूर्वी ही जमीन वापरली जायची. ज्याची गुरं आधी पोचली त्याचं गवत. मेंढ्या, गुरं, घोडे इतके सुटले की माती उघडी पडली. तेव्हा 1934 मध्ये टेलर ग्रेझिंग कायदा आला आणि चराईला परवाना लागू लागला. परवाना मिळाला तो जवळपास स्वतःची जमीन किंवा पाणी असलेल्यांना. मुदत साधारण दहा वर्षं, पुढे नूतनीकरण.

कायद्याच्या भाषेत हा परवाना म्हणजे सवलत आहे, हक्क नव्हे. व्यवहारात मात्र चित्र वेगळं. रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी शेती, विकली जाते तेव्हा तिला जोडलेला परवाना धरून किंमत ठरते, बँक कर्ज देते तेही तो धरून. आजोबांनी कुंपणं घातली, बापानं पाइपलाइन टाकली, आता नातू गुरं चारतोय. त्याला जाऊन कुणी सांगितलं की ही जमीन तुझी नाही, तर तो कागदावर मान्य करेल, मनातून नाही. त्याचं हे दुखणं समजल्याशिवाय पुढचं भांडण कळत नाही. शहरात बसून त्याला नुसतं 'सरकारी जमिनीवर फुकट चरणारा' म्हणणं फार सोपं आहे.

अर्थात अगदी फुकट नसलं तरी त्याच्या जवळपासच आहे. चराई मोजायचं तिथलं एकक आहे एयूएम: एक गाय आणि तिचं वासरू, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढ्या यांना महिनाभर पुरेल इतका चारा. 2019 पासून 2025 पर्यंत दरवर्षी एका एयूएमची सरकारी फी होती 1.35 डॉलर. याहून खाली ती जाऊच शकत नाही. हा तळ रेगन अध्यक्ष असताना 1986 मध्ये ठरला आणि तोच कायम आहे. शेजारच्या खासगी कुरणात तेवढ्याच चाऱ्याला 20 डॉलरच्या आसपास किंवा जास्त पडतात. पशुपालक म्हणतात, खासगी कुरणात कुंपण-पाणी मालक देतो, इथे सगळं आम्हालाच करावं लागतं. त्यात तथ्य आहे. पण अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं 2004 या आर्थिक वर्षाचा हिशेब काढला तेव्हा केंद्राच्या खात्यांनी चराई व्यवस्थेवर किमान 14.4 कोटी डॉलर खर्च केले होते आणि फी जमा झाली होती 2.1 कोटी. उरलेला भार करदात्यांवर.

घोडे आले कुठून, आणि त्यांना कायदा कसा मिळाला

घोडा मूळचा उत्तर अमेरिकेतलाच. लाखो वर्षं तिथे उत्क्रांत झाला, साधारण 10,000 वर्षांपूर्वी तिथून नामशेष झाला, आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून माणसाळलेला होऊन परतला. त्यामुळे तो 'परतलेला भूमिपुत्र' की 'मोकाट सुटलेलं पाळीव जनावर' यावर तिथे तावातावानं वाद होतात. माझ्या मते या वादातून हाती काही लागत नाही. 10,000 वर्षांपूर्वीचे घोडे ज्या शिकाऱ्यांच्या तोंडी पडायचे त्यातले बहुतेक आज नाहीत आणि ज्या कुरणावर ते चरायचे तेही आज नाही. प्रश्न आजच्या गवताचा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या घोड्यांना भाव होता तो मांसाचा. कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे कारखाने ते घ्यायचे. विमानानं हुसकायचे, ट्रकनं पाठलाग करून पकडायचे. 1950 मध्ये नेवाडातल्या रीनोजवळ कामावर निघालेल्या व्हेल्मा जॉन्स्टन यांना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. त्यांनी गाडी मागे लावली. आत जखमी घोडे कोंबलेले होते. विमा कंपनीत सेक्रेटरी असलेल्या या बाईंनी त्यानंतरचं आयुष्य या कामात घातलं. विरोधकांनी हिणवायला 'वाइल्ड हॉर्स ॲनी' नाव ठेवलं, ते त्यांनी मिरवलं. 1959 मध्ये घोडे पकडायला विमान आणि मोटारी वापरण्यावर बंदी आली. मग देशभरच्या शाळकरी पोरांनी संसदेला पत्रांचा पाऊस पाडला आणि 1971 मध्ये जंगली घोडे आणि गाढवं यांच्या संरक्षणाचा कायदा विरोधी मताशिवाय मंजूर झाला. 15 डिसेंबर 1971 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली.

कायद्यानं या जनावरांना पश्चिमेच्या इतिहासाचं जिवंत प्रतीक म्हटलं. ठार मारणं, छळणं, पकडणं गुन्हा ठरला. पण त्याच कायद्यात 'नैसर्गिक संतुलन' राखायची जबाबदारीही खात्यावर टाकली, आणि 1978 च्या दुरुस्तीनं सांगितलं की जादा झालेले घोडे उचला. हेलिकॉप्टर वापरायची मुभा 1976 मध्येच परत मिळाली होती. म्हणजे एकाच खात्यानं घोडे राखायचे, घोडे काढायचे आणि गुरांचे परवानेही द्यायचे.

जादा म्हणजे किती?

खरी मेख इथे आहे. बीएलएमनं प्रत्येक क्षेत्रासाठी घोड्यांची एक कमाल संख्या ठरवली आहे. सगळी क्षेत्रं मिळून ती होते सुमारे 25,500. मार्च 2020 मध्ये अंदाजे 95,000 घोडे-गाढवं होती, मार्च 2024 मध्ये 73,500 च्या आसपास. यातले निम्म्याहून जास्त घोडे नेवाडात. म्हणजे खात्याच्या हिशेबानं 2024 मध्येही तिपटीच्या जवळ.

आता हाच हिशेब चाऱ्यात करून बघू. 25,500 जनावरं बारा महिने चरली तर लागतात साधारण 3 लाख एयूएम. 2024 च्या 73,500 ना सुमारे 9 लाख. याच खात्याच्या जमिनीवर गुरा-मेंढ्यांना मंजूर आहेत सुमारे 1.2 कोटी एयूएम, प्रत्यक्षात वापरले जातात 80-90 लाख. हे आकडे समोर ठेवून घोड्यांचे कैवारी विचारतात, जमीन नक्की कुणी ओरबाडली?

आकडे खरे आहेत, पण त्यात एक फट आहे. गुरं चरतात 15.5 कोटी एकरांवर. घोड्यांना नेमून दिलेली क्षेत्रं मात्र 2.6 कोटी एकरांच्या आसपास. त्यामुळे देशभरची बेरीज मांडून नेवाडातल्या एखाद्या खोऱ्याचं दुखणं कळत नाही. 100 घोड्यांच्या जागी 400 असलेल्या खोऱ्यात एकच झरा असेल तर तिथलं गवत आणि झरा दोन्ही जातात, मग देशाची सरासरी काहीही म्हणो. उलट बाजूनंही तेच. 1990 मध्ये लेखापरीक्षकांनी तपासलं तेव्हा खातं घोडे उचलत होतं ते कुरणाची अवस्था नीट न पाहता, आणि काही ठिकाणी घोडे कमी केल्यावर तिथली गुरं वाढली होती. 2013 मध्ये नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनंही म्हटलं की ही कमाल संख्या कशाच्या आधारे ठरते ते बाहेरच्या माणसाला उलगडत नाही. कोणत्या क्षेत्रात घोड्याला किती वाटा आणि गाईला किती, हे विज्ञान एकट्यानं ठरवत नाही. ते जुन्या नियोजन-आराखड्यांत ठरून गेलंय, आणि ते ठरलं तेव्हा टेबलाशी परवानेधारक बसले होते.

गाय आणि घोडा चरतात कसे

ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना हे सांगायला नको. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेनं गवताचा झुपका गुंडाळते आणि ओढून तोडते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात, तो जमिनीलगत कातरतो. गाय रवंथ करते, बसते, एकदा खाल्लेल्यातून बरंच काही काढून घेते. घोडा रवंथ करत नाही. त्याचा चारा आंबतो तो आतड्याच्या मागच्या भागात, त्यामुळे निकृष्ट वाळलेलं गवतही त्याला चालतं, पण ते भरपूर लागतं आणि तो दिवसाचा बहुतेक वेळ खातच असतो.

गाय पाण्यापासून फार लांब जात नाही. म्हणून गुरांचं नुकसान ओढ्याकाठी दिसतं: काठ ढासळलेले, चिखल, शेण, कोवळी रोपं तुडवलेली. घोडा पाण्यापासून कित्येक मैल दूर, चढावर जाऊन चरतो, जिथे गाय पोचत नाही. पण पाण्यावर आला की तोच दादा. घोडे असेपर्यंत प्रॉन्गहॉर्न हरणं लांब उभी राहून वाट पाहतात.

आणि सगळ्यात मोठा फरक स्वभावातला नाही, व्यवस्थेतला आहे. दुष्काळ पडला तर बीएलएम पशुपालकाला सांगतं, यंदा निम्मीच गुरं सोड, किंवा महिनाभर आधी काढ. गुरं ट्रकमध्ये चढतात आणि जातात. घोडा बारा महिने तिथेच. गवताला फुटवा फुटायला जी सुट्टी लागते ती मिळतच नाही. पशुपालकाचा राग बराचसा इथून येतो: मी गुरं काढली, कुरण राखलं, ते घोड्यांनी खाल्लं. हा राग खोटा नाही.

कळपांची वाढही जोरदार आहे, वर्षाला 15 ते 20 टक्के. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. प्यूमा (बिबट्याएवढं रानमांजर) काही भागांत शिंगरं मारतो, पण उघड्या सपाटीवर त्याचं फारसं चालत नाही. लांडगे बहुतेक ठिकाणी नाहीतच.

हेलिकॉप्टर, सापळा आणि कोंडवाडे

घोडे उचलायची पद्धत एकदा नीट पाहावी. दोन टेकड्यांमधल्या खोलगटात लोखंडी फाटकांचा गोल कोंडवाडा उभा करतात. त्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना तागाच्या कापडाचे लांबच लांब पडदे, आधी एकमेकांपासून दूर आणि पुढे निमुळते होत जाणारे. घोड्याला ती भिंत वाटते, प्रत्यक्षात हिसडा दिला तर फाटेल असं कापड. हेलिकॉप्टर मैलभर मागून कळप रेटत आणतं. शेवटच्या टप्प्यात पडद्यामागे लपलेला माणूस एक शिकवलेला घोडा सोडतो. त्याला तिथे ज्यूडस हॉर्स म्हणतात, येशूच्या दगाबाज शिष्याच्या नावावरून. हा घोडा ओट्सच्या ओढीनं थेट कोंडवाड्यात धावतो आणि बावरलेला कळप त्याच्या मागे. फाटक बंद.

मग नर वेगळे, माद्या वेगळ्या, शिंगरं वेगळी. पुढे मानेच्या डाव्या बाजूला द्रवरूप नायट्रोजननं थंड केलेल्या लोखंडानं डाग देतात. तिथे केस पांढरे उगवतात आणि कोनांच्या सांकेतिक खुणांमधून जन्मवर्ष, नोंदणी क्रमांक वाचता येतो. 1974 ची गाढवं बेडाग होती. आता सरकारचाच डाग.

या घोड्यांना दत्तक घ्यायला माणसं मिळावीत ही अपेक्षा. मूळ फी फक्त 125 डॉलर. मागणी पुरेना म्हणून 2019 पासून खातंच दत्तक घेणाऱ्याला 1,000 डॉलर देऊ लागलं. काहींनी पैसे खिशात घातले आणि घोडे लिलावात नेले, जिथून वाट कत्तलखान्याकडे जाते. 2025 मध्ये न्यायालयानं ही योजना थांबवली.

बाकीचे राहतात कोंडवाड्यात आणि भाड्याच्या कुरणांवर. आज असे 60,000 हून जास्त घोडे सरकारच्या दाव्याला आहेत, म्हणजे मोकळ्या घोड्यांच्या जवळपास तेवढेच. या कार्यक्रमाच्या खर्चातला सुमारे दोन तृतीयांश पैसा त्यांच्या वैरणीवर जातो, वर्षाला 10 कोटी डॉलरच्या घरात. कॅन्सस-ओक्लाहोमातल्या हिरव्या कुरणांचे मालक दर घोड्यामागे रोजचे पैसे घेऊन ते सांभाळतात. म्हणजे नेवाडातला पशुपालक घोडे न्या म्हणून ओरडतो आणि ओक्लाहोमातल्या पशुपालकाचं घर त्याच घोड्यांवर चालतं. दाटीचे धोके वेगळेच. 2022 मध्ये कोलोरॅडोतल्या कॅनन सिटीच्या कोंडवाड्यात फ्लूची साथ आली आणि सुमारे 145 घोडे मेले.

आपल्या वाचकाला इथे प्रश्न पडेल, विकून का टाकत नाहीत? कायद्यात 2004 च्या दुरुस्तीनं तशी वाट आहेही. पण दर वर्षीच्या खर्चाच्या विधेयकात संसद अट घालत आली आहे की निरोगी घोडे मारायचे नाहीत, कत्तलीसाठी विकायचे नाहीत. कारण साधं आहे. अमेरिकन माणूस गाय निवांत खातो, घोडा खात नाही. देशातले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले. निषिद्ध जनावर बदललं की सगळं राजकारण कसं फिरतं, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

मग उपाय?

2013 च्या त्या वैज्ञानिक अहवालातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं निरीक्षण असं: घोडे उचलत राहिल्यानंच त्यांच्या वाढीचा वेग टिकून राहतो. कळप पातळ झाला की उरलेल्यांना पोटभर गवत, घोड्या दरवर्षी गाभण, शिंगरं जगतात. चार वर्षांनी पुन्हा हेलिकॉप्टर. खातं जितक्या मेहनतीनं काम करतं तितकं ते काम वाढतं.

दुसरी वाट लसीची. पीझेडपी नावाची ही गर्भ रोखणारी लस डुकरिणीच्या बीजावरच्या आवरणातून बनवतात. ती टोचली की घोडीच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि तिच्या बीजापर्यंत शुक्रजंतू पोचत नाहीत. वर्षभर परिणाम, मग पुन्हा मात्रा. मेरीलँडच्या किनाऱ्यावरच्या ॲसटीग बेटावर 1988 मध्ये चाचण्या सुरू झाल्या आणि तिथला कळप पुढे लसीवरच आटोक्यात आला. पश्चिमेतही काही छोट्या कळपांत स्वयंसेवक हे काम करतात. प्रत्येक घोडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका, पायांवरचे मोज्यांसारखे पांढरे पट्टे यांची वही ठेवायची, वाऱ्याची दिशा बघत चाळीसेक मीटरवर जायचं, घोडीच्या पुठ्ठ्यावर (मागच्या मांसल भागावर) नेम धरून डार्ट मारायचा आणि मग गवतात पडलेला डार्ट शोधून आणायचा. एका मात्रेला खर्च साधारण 30 डॉलर.

पण बेटावरची गोष्ट नेवाडाला जशीच्या तशी लागत नाही. लाखो एकरांत पसरलेली, माणूस दिसताच दोन मैल पळणारी घोडी डार्टच्या टप्प्यात येत नाही. तिला आधी पकडावंच लागतं. तरीही 2022 मध्ये खात्यानं 20,000 च्या आसपास घोडे-गाढवं कायमची उचलली आणि लस दिली 2,000 हून कमी जनावरांना, हे प्रमाण बघितलं की वाटतं, अडचण निव्वळ भूगोलाची नाही. 2019 मध्ये गोमांस उत्पादकांची राष्ट्रीय संघटना आणि दोन मोठ्या प्राणीकल्याण संस्था एकत्र आल्या: आधी मोठ्या प्रमाणावर उचला, सोबत लस द्या. बाकीच्या घोडेप्रेमी संघटनांनी याला दगाबाजी म्हटलं. पहिला भाग झाला, दुसरा रेंगाळला.

वायोमिंगमध्ये तर जमिनीचा नकाशाच भांडण लावतो. रेल्वे टाकताना सरकारनं युनियन पॅसिफिक कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंना एक मैलाचे चौकोन एकाआड एक दिले. एक खासगी, एक सरकारी, पुन्हा एक खासगी, मध्ये कुंपण नाही. घोडा सकाळी सरकारी चौकोनात, दुपारी खासगी. कायदा सांगतो, खासगी जमीनमालकानं मागणी केली तर घोडे हलवा. खात्यानं सोय म्हणून सगळा पट्टाच खासगी धरून घोडे उचलले. 2016 मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या एका विभागाच्या, अपील न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं: सरकारी चौकोन सरकारीच आहेत, तिथल्या घोड्यांना कायद्याचे सगळे निकष लावा.

बीएलएमच्या स्वतःच्या नियमांत 4710.5 क्रमांकाचं एक कलम आहे. घोड्यांना अधिवास मिळावा म्हणून गरज पडल्यास त्या क्षेत्रात गुरांची चराई बंद करता येते, असं ते सांगतं. ते क्वचितच वापरलं जातं. वापरलं तर परवाना जातो, परवाना गेला की रँचची किंमत पडते आणि तिच्यावर कर्ज दिलेली बँक दारात उभी राहते. निसर्ग राखू पाहणाऱ्या संस्था परवानेधारकाला बाजारभावानं पैसे देऊन ते परवाने कायमचे मिटवायला तयार आहेत, काही पशुपालक घ्यायलाही तयार आहेत. तशी सर्वत्र लागू होणारी मुभा देणारी विधेयकं संसदेत येतात आणि पडून राहतात. तोवर हेलिकॉप्टरचं कंत्राट दरवर्षी निघतं.